घोट्याची जखम बांधता बांधता मांडीतली शीरही तपासा: फॅमिली डॉक्टरांना खुले पत्र

फॅमिली डॉक्टरांना आणि पायांच्या जखमांचं रोज ड्रेसिंग करणाऱ्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी पायांच्या शिरांची डॉपलर सोनोग्राफी करते, म्हणजे शिरांत रक्त कुठल्या दिशेने वाहतं ते पडद्यावर बघते. लेझरने शीर बंद करायची असते तेव्हा सर्जनच्या शेजारी प्रोब धरून उभी असते. त्यामुळे दुखणं कुठून सुरू होतं ते मला दिसतं आणि ते कसं थांबवता येतं तेही दिसतं. तुमच्या दवाखान्यातून निघालेला पेशंट माझ्या टेबलापर्यंत पोचायला जो काळ जातो, त्याबद्दल हे पत्र लिहिते आहे. तो काळ फार मोठा आहे आणि तो कमी करणं बव्हंशी तुमच्या हातात आहे.

मागणी साधी आहे. घोट्याच्या आतल्या बाजूला काळपट तपकिरी डाग, सततची खाज, लाकडासारखी कडक झालेली कातडी किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर त्या पेशंटची उभं करून केलेली रिफ्लक्सची, म्हणजे शिरेतून रक्त उलटं खाली येतं का याची, डॉपलर तपासणी लगेच सांगा. मलमपट्टी चालू ठेवा, पण तपासणी तिच्या मागे ढकलू नका.

"डॉपलर तर केव्हाच झाली आहे," असं तुमच्यापैकी अनेक जण म्हणतील. खरी अडचण इथेच आहे. माझ्याकडे जुनी जखम घेऊन येणाऱ्या कितीतरी जणांच्या फाइलमध्ये एक जुना डॉपलर रिपोर्ट असतो. त्यात लिहिलेलं असतं: खोल शिरांत गुठळी नाही, तपासणी नॉर्मल. तो रिपोर्ट खोटा नसतो. त्या दिवशी पेशंटला झोपवून, जांघेपासून पोटरीपर्यंत प्रोबने शिरा दाबून पाहिलेल्या असतात. दाबल्यावर शीर मिटली तर आत गुठळी नाही, एवढंच त्या तपासणीला विचारलेलं असतं आणि तेवढंच उत्तर तिने दिलेलं असतं. झडपा बिघडल्या आहेत का, रक्त उलटं खाली येतं का, हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. पण "नॉर्मल" हा शब्द फाइलमध्ये एकदा चिकटला, की शिरांचं प्रकरण मिटलं असं सगळे धरून चालतात आणि मग पुढची काही वर्षं मलमं बदलत राहतात.

रिफ्लक्स बघायचा तर माणूस उभा हवा. मी पेशंटला छोट्या स्टुलावर उभं करते, वजन दुसऱ्या पायावर घ्यायला सांगते आणि तपासायचा पाय गुडघ्यात किंचित वाकवून सैल सोडायला लावते. जांघेपाशी, जिथे मांडीच्या आतून वर येणारी मोठी सॅफेनस शीर खोल शिरेला मिळते, तिथे प्रोब ठेवते आणि दुसऱ्या हाताने पोटरी दाबते. रक्त वर जातं, पडद्यावर निळा रंग चमकतो. मग पोटरी सोडते. झडपा शाबूत असतील तर रंग तिथेच विझतो. बिघडलेल्या असतील तर निळ्याच्या जागी लाल भरतो आणि भरलेलाच राहतो, कारण वर गेलेलं रक्त परत खाली येत असतं. वरवरच्या शिरांत हा उलटा प्रवाह ०.५ सेकंदापेक्षा जास्त टिकला तर तो रिफ्लक्स धरतात. मांडीतल्या आणि गुडघ्यामागच्या खोल शिरांसाठी ही मर्यादा १ सेकंद आहे. जुनी जखम असलेल्या पायात तो लाल पट्टा तीन-चार सेकंद रेंगाळलेला दिसणं नेहमीचं आहे. मी पडदा पेशंटकडे वळवते आणि आपल्या जखमेचं मूळ मांडीत आहे हे तो पहिल्यांदाच स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. तपासणी झोपवून केली, तर यातलं बरंचसं निसटतं.

बिघाड मांडीत असताना जखम घोट्याशी का होते, हे तुम्ही कॉलेजात शिकला आहात. तरी उजळणी करते, कारण उपचाराचा सगळा तर्क त्यावर उभा आहे. माणूस स्तब्ध उभा असतो तेव्हा घोट्यापासून हृदयापर्यंतच्या रक्ताच्या स्तंभाचं वजन घोट्याच्या शिरेवर पडतं. तो दाब साधारण ८० ते ९० मिमी पारा असतो, निरोगी माणसातही. फरक पडतो तो चालायला लागल्यावर. पोटरीचे स्नायू आवळतात, रक्त वर ढकलतात, झडपा ते परत येऊ देत नाहीत आणि घोट्यातला दाब ३० च्याही खाली उतरतो. झडपा निकामी असतील तर चढवलेलं रक्त सॅफेनस शिरेतून पुन्हा खाली कोसळतं. माणूस दिवसभर चालला तरी दाब उतरत नाही. हा न उतरणारा दाब मग केशवाहिन्यांवर येतो. तांबड्या पेशी बाहेर झिरपतात, त्यांच्यातलं लोह कातडीत साचून तपकिरी डाग पडतो, कातडीखालची चरबी सुजते आणि आक्रसते. मग एखादं साधं खरचटणंही भरत नाही.

त्या चरबीच्या सुजेबद्दल थोडं थांबून लिहायला हवं. नडगीचा खालचा भाग लाल, गरम, दुखरा आणि कडक झाला, की सेल्युलायटिस, म्हणजे कातडीतला जंतुसंसर्ग, समजून अँटिबायोटिक सुरू होतं. बरं वाटत नाही म्हणून दुसरं, मग तिसरं. अशा पेशंटला ताप नसतो, लाली आठवडेच्या आठवडे तशीच असते, कधी दोन्ही पायांवर असते आणि हात लावला तर कातडी खालच्या थराला घट्ट चिकटलेली लागते. हा जंतुसंसर्ग नाही, शिरांच्या दाबाने झालेला दाह आहे. खरा सेल्युलायटिसही अशा पायात होतो आणि तेव्हा अँटिबायोटिक लागतंच. पण तिसऱ्या कोर्सची चिठ्ठी लिहिण्याआधी एकदा शिरांकडे वळा, एवढी विनंती आहे.

आता घट्ट पट्ट्या आणि स्टॉकिंग्ज. त्यांचं महत्त्व मी अजिबात कमी करत नाही. शिरांमुळे झालेली जखम भरून आणण्यात दाबपट्टीचा वाटा फार मोठा आहे आणि ती नीट, थरांत बांधणाऱ्या नर्सचा मला मनापासून आदर आहे. पण पट्टी शिरेतला बिघाड दुरुस्त करत नाही. ती काढली की दाब परत येतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एशार या चाचणीत हे स्पष्ट दिसलं. नुसती दाबपट्टी आणि दाबपट्टीसोबत वरवरच्या शिरेची शस्त्रक्रिया, अशी तुलना होती. २४ आठवड्यांत जखमा भरण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, ६५ टक्के. पण वर्षभरात जखम पुन्हा उघडण्याचं प्रमाण नुसत्या पट्टीत २८ टक्के आणि शस्त्रक्रिया केलेल्यांत १२ टक्के. म्हणजे जखम पट्टीने भरते, पण भरलेली टिकवायची तर शिरेचा बंदोबस्त करावा लागतो.

मग "आधी जखम भरू दे, शिरेचं नंतर बघू" असा शिरस्ता पडला. मला त्याविरुद्धच बोलायचं आहे, कारण त्याचंही उत्तर मिळालेलं आहे. इव्हरा ही ४५० पेशंटची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटात शिरेवरचा उपचार दोन आठवड्यांच्या आत केला. दुसऱ्या गटात जखम भरेपर्यंत किंवा सहा महिने थांबले. दाबपट्टी दोघांनाही होती. जखम भरायला लागलेला मध्यक काळ लवकर उपचार झालेल्यांत ५६ दिवस आणि थांबलेल्यांत ८२ दिवस. २४ आठवड्यांत लवकरच्या गटातल्या ८५.६ टक्के जखमा भरल्या, उशिराच्या गटातल्या ७६.३ टक्के. या चाचणीत फक्त लेझर नव्हतं, फोम (शिरेत सोडायचा औषधाचा फेस) आणि रेडिओफ्रिक्वेन्सी (रेडिओलहरींच्या उष्णतेने शीर बंद करणं) हेही होतं, आणि ते सांगितलंच पाहिजे. तिने सिद्ध केलं ते "लवकर" या शब्दाचं मोल. शीर कशाने बंद करायची हे पायावर ठरतं, पण कधी करायची याबद्दल आता फारशी शंका उरलेली नाही. जखम उघडी असतानाच करायची.

पेशंटला पुढे पाठवताना तुमचा हात आखडतो, त्यामागे जुन्या ऑपरेशनचं चित्र असावं, असं मला वाटतं. बॅबकॉक यांनी १९०७ मध्ये तार घालून शीर ओढून काढण्याची पद्धत मांडली आणि पुढे जवळजवळ शतकभर तीच चालली: जांघेत चीर, पूर्ण किंवा मणक्यातली भूल, काळीनिळी मांडी, बरेच दिवस घरी. सत्तरीतला, हृदयविकाराचा, जखम वाहणारा माणूस त्यासाठी पाठवताना कुणीही कचरेल. १९९९ मध्ये कार्लोस बोने या स्पॅनिश डॉक्टरांनी लेझरचा तंतू शिरेच्या आत घालून ती आतून बंद केली आणि ते चित्र बदललं. आज हे काम जागेवरची भूल देऊन, बहुतेक वेळा तासाभराच्या आत होतं. पेशंट स्वतःच्या पायांनी चालत बाहेर पडतो.

होतं काय ते मी जसं बघते तसं सांगते. गुडघ्याच्या आसपास, सोनोग्राफीवर बघत, सुईने शिरेत शिरतो. टाका लागत नाही. त्यातून बारीक तंतू वर सरकवतो आणि त्याचं टोक जांघेतल्या जोडापासून साधारण २ सेंटिमीटर अलीकडे ठेवतो. ही जागा ठरवताना सगळ्यांत जास्त वेळ घ्यावा, कारण टोक खोल शिरेच्या फार जवळ गेलं तर गुठळीची भीती असते. मग येते भुलेची पाळी. अगदी पातळ केलेलं लिग्नोकेन, थंड सलाइनमध्ये, शिरेच्या भोवती सुईने सोडत जायचं. पडद्यावर शिरेभोवती काळं वलय वाढत जातं आणि मधली शीर तंतूवर आवळत जाते. हे पाणी तीन कामं करतं: दुखू देत नाही, शिरेची भिंत तंतूला भिडवतं आणि कातडी व नसांना (मज्जातंतूंना) उष्णतेपासून लांब ठेवतं. हा टप्पा घाईत उरकला, तर पुढे पेशंटला दुखतं आणि कातडी भाजण्याची भीती राहते. माझ्या मते पूर्ण कामाची गुणवत्ता इथे ठरते, मशीनच्या किमतीवर नाही.

लेझर सुरू झाल्यावर तंतू सावकाश मागे ओढत आणायचा. सुरुवातीच्या काळात ८१० किंवा ९८० नॅनोमीटरचे किरण वापरत, ते मुख्यतः रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये शोषले जात. आता बऱ्याच ठिकाणी १४७० नॅनोमीटरचे वापरतात. ते पाण्यात, म्हणजे शिरेच्या भिंतीत जास्त शोषले जातात. तंतूच्या टोकातून ते सभोवार पसरतात, त्यामुळे भिंत सगळीकडून सारखी भाजते, छिद्रं कमी पडतात, नंतरचं दुखणं आणि काळंनिळं होणंही कमी. भिंत आकसते, शीर मिटते आणि पुढच्या काही महिन्यांत तिचा धागा होतो. वर्षभराने तपासलं तर दहापैकी नऊहून जास्त शिरा बंदच राहिलेल्या असतात.

"शीरच बंद केली, तर रक्त जाणार कुठून?" हा प्रश्न पेशंट तुम्हाला विचारतील, कारण तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे. पायातलं साधारण ९० टक्के रक्त खोल शिरांमधून वर जातं, वरवरची शीर मदतनीस आहे. ती रक्त खाली सोडू लागली, की मदत सोडाच, खोल शिरांवरचं ओझं ती वाढवते. ती बंद केल्याने रक्ताची वाट अडत नाही, उलटी गळती थांबते. हे उत्तर तुमच्या तोंडून दोन मिनिटांत गेलं, तर पेशंट निम्म्या भीतीतून तिथेच मोकळा होतो. मी तेच सांगितलं तर त्याला पटायला वेळ लागतो, कारण मी त्याला परकी असते.

लेझरने सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही. गुडघ्याखालच्या भागात सॅफेनस नस शिरेला चिकटून जाते, पोटरीमागे छोट्या सॅफेनस शिरेजवळ सुरल नस असते. तिथे काम केलं तर बधिरपणा येऊ शकतो, तो बहुतेकदा कमी होतो, कधी राहतो. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मांडीच्या आत दोरी ओढल्यासारखं होतं. शीर मिटत असल्याची ती खूण आहे, पण आधी सांगितलं नसेल तर पेशंट घाबरून तुमच्याकडेच धावत येईल. खोल शिरेत गुठळी क्वचित होते, म्हणून मी पहिल्या आठवड्यात पुन्हा डॉपलर करते. फार वेड्यावाकड्या शिरांतून तंतू सरकत नाही, तिथे फोम किंवा बारीक छेदातून शीर काढणं बरं. आणि काही वर्षांनी दुसरी एखादी शीर, बहुधा मांडीच्या पुढच्या बाजूची, नव्याने बिघडू शकते. एक शीर बंद झाली म्हणजे पाय कायमचा सुटला असं कुणी सांगत असेल, तर ते बरोबर नाही.

आणि प्रत्येक दिसणारी शीर लेझरची धनी नसते. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक निळ्या-लाल रेषा, बाकी काही त्रास नाही, रिफ्लक्स नाही, अशा पायातली सॅफेनस शीर जाळणं चूक आहे. उद्या हृदयाच्या किंवा पायाच्या बायपाससाठी तीच शीर लागू शकते. फक्त पाय दुखतात म्हणून सॅफेनस शीर दोषी ठरत नाही. गुडघा, कंबर, मधुमेहाने बिघडलेल्या नसा, या सगळ्यांनी पाय दुखतात. दोन्ही पाय संध्याकाळी सुजत असतील, तर रक्तदाबाच्या गोळीत अम्लोडिपिन आहे का तेही बघा. ही सूज डॉपलरमध्ये सापडणार नाही, ती तुमच्याच चिठ्ठीत सापडेल. अनावश्यक लेझर करणारेही आहेत, हे मला मान्य आहे, आणि त्याचा मला राग येतो. पण त्या रागापायी ज्याला खरी गरज आहे त्याला आपण थांबवून ठेवू नये.

ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २०१३ मध्येच सांगितलं आहे की त्रास देणाऱ्या व्हेरिकोज व्हेन्स, कातडीतले बदल, वरवरच्या शिरेत गुठळी, गुडघ्याखाली दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा भरून गेलेली जुनी जखम, यांतलं काहीही असेल तर पेशंटला शिरांच्या तज्ज्ञांकडे पाठवावं. रिफ्लक्स पक्का असेल तर आधी लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी, ते जमत नसेल तर फोम, तेही नसेल तर शस्त्रक्रिया. इतर उपाय शक्य असताना नुसत्या स्टॉकिंग्जवर पेशंटला ठेवू नये, असंही त्यात आहे. भरून गेलेल्या जखमेचा उल्लेख मुद्दाम वाचा. जखम भरली म्हणून फाइल बंद करू नका, ती पुन्हा उघडण्याआधीची हीच वेळ आहे.

दोन गोष्टी तुमच्या दवाखान्यातच तपासायच्या आहेत, त्यासाठी माझी वाट बघू नका. एक, घट्ट पट्टी किंवा स्टॉकिंग बांधण्याआधी पावलावरची नाडी बघा आणि शक्य असेल तर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढा. ते ०.५ च्या खाली असेल तर धमनीच आकुंचलेली आहे. तिथे घट्ट पट्टी पाय घालवू शकते, पेशंटला तातडीने धमन्यांच्या तज्ज्ञाकडे पाठवा. ०.५ ते ०.८ असेल तर पट्टीचा जोर तज्ज्ञांना विचारूनच ठरवा. दोन, वर्षानुवर्षं उघडी असलेल्या जखमेची कड उचललेली, उंचवट्याची झाली असेल तर तिचा तुकडा तपासायला पाठवा. जुन्या जखमेत क्वचित कॅन्सर होतो आणि तो ड्रेसिंगखाली झाकलेला राहतो.

घोट्याजवळची पातळ कातडीची फुगलेली शीर कधी अचानक फुटते आणि रक्ताची धार लागते. अशा पेशंटच्या घरच्यांना आधीच शिकवून ठेवा: पेशंटला आडवं करा, पाय छातीपेक्षा वर उचला आणि त्या जागेवर बोटाने घट्ट दाबून धरा. उभं ठेवून, वर मांडीला करकचून बांधल्याने रक्त वाढतं. एकदा असं रक्त गेलेला पेशंट काही आठवडे थांबवायचा नाही, त्याच दिवशी पुढे पाठवायचा.

शेवटी चिठ्ठीबद्दल. "दोन्ही पाय, डॉपलर" एवढंच लिहिलं तर बऱ्याच ठिकाणी गुठळीचीच तपासणी होते आणि पेशंट परत त्याच "नॉर्मल" शब्दासह तुमच्या दारात येतो. त्याऐवजी असं लिहा: कुठला पाय, जखम किंवा डाग कुठे, किती आठवड्यांपासून, पूर्वी गुठळी झाली होती का, पावलावरची नाडी लागते का, आणि ठळकपणे, "उभं करून वरवरच्या, खोल आणि छेदक (या दोन्हींना जोडणाऱ्या) शिरांचा रिफ्लक्स बघावा". रिपोर्ट आल्यावर त्यात जांघेतल्या जोडाचं नाव, शिरेची जाडी मिलिमीटरमध्ये आणि उलट्या प्रवाहाचे सेकंद आहेत का ते बघा. नसतील तर मला, किंवा ज्याने तपासणी केली असेल त्याला, फोन करून विचारा. आम्ही परत बोलावून पुन्हा तपासू. त्यात कुणाचाही अपमान नाही.

आपली,
पायांच्या शिरांची डॉपलर तपासणी करणारी एक सोनोलॉजिस्ट